तुम्ही एकट्याच हे मागता

‘तुम्ही एकट्याच हे मागता. बाकी कुठलंच शॉप मागत नाही.’

गेल्या अकरा वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं याचा हिशेब मी ठेवला नाही. आवाज मात्र ओळखीचे झाले. कुणी वैतागून म्हणतं, कुणी मायेनं समजूत काढल्यासारखं. एक बाई तर दर वेळी आधी लांब उसासा टाकायच्या आणि मग म्हणायच्या. फोनच्या त्या टोकाला विमा कंपनीचा नुकसान तपासून पैसे मंजूर करणारा माणूस, म्हणजे अ‍ॅडजस्टर, या टोकाला मी, आणि माझ्या पाठीमागे शॉपमध्ये कुणाची तरी ठोकलेली गाडी.

न्यू जर्सीतल्या एका बॉडी शॉपमध्ये मी एस्टिमेट लिहिते. बॉडी शॉप म्हणजे इंजिनाचं नव्हे, अपघातात चेपलेल्या गाड्यांचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत आले, काम करायचा परवाना मिळाल्यावर इथे फोन घ्यायला लागले, आणि फोन घेता घेता पत्र्यातलं कळायला लागलं. मालक सत्तरीतले, शॉप त्यांच्या वडिलांनी काढलेलं. कुठल्या चेनमध्ये नाही, कुठल्या विमा कंपनीच्या ‘डीआरपी’ यादीतही नाही. त्या यादीत असलं की कंपनी गिऱ्हाईक पाठवते, आणि बदल्यात दर, पार्ट, मुदत या सगळ्यात तिचं ऐकावं लागतं. मी यायच्या आधीच मालक त्यातून बाहेर पडले होते. का, ते विचारलं तर विषय बदलतात.

आधी एस्टिमेट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. एस्टिमेट म्हणजे दुरुस्तीतलं प्रत्येक काम, त्याचा वेळ आणि पार्ट ओळीओळीनं लिहिलेली खर्चाची यादी; त्यावरून विमा कंपनी पैसे देते. त्यासाठी आमच्याकडे संगणकावर एक प्रणाली असते. तिच्यात प्रत्येक गाडीचा प्रत्येक पार्ट आणि तो बदलायला किती वेळ लागतो ते असतं. तासाचे दहा भाग करतात. ०.३ म्हणजे अठरा मिनिटं. हे आकडे विमा कंपनीही तिथूनच घेते, आम्हीही तिथूनच घेतो, त्यामुळे वरवर पाहता वादाला जागाच नाही. गोम अशी की हा वेळ धरलेला असतो नव्या, धक्का न लागलेल्या गाडीवर नवाकोरा पार्ट बसवण्यासाठी. आमच्याकडे येणारी गाडी मुळात येते तीच धक्का लागून. बोल्ट गंजलेला असतो, क्लिप तुटलेली असते, दरवाजाची फट एका बाजूला बोट जाईल एवढी आणि दुसरीकडे नख जाणार नाही एवढी.

माझं पहिलं मोठं भांडण झालं ते पुट्टीच्या पुढच्या कामावरून. चेपलेला पत्रा कारागिरानं ठोकून, ओढून सरळ केला, पुट्टी भरली, १५० नंबरच्या कागदानं घासली, इथे दुरुस्तीचा वेळ संपतो. रंगाचा वेळ सुरू होतो तो नव्या, गुळगुळीत पॅनलपासून. या दोन्हींच्या मध्ये जे राहतं, म्हणजे कडा विरळ करत घासणं, प्राइमर मारणं, तो वाळल्यावर ठोकळ्यानं पुन्हा घासून सपाट करणं, त्याला आमच्या धंद्यात ‘फेदर, प्राइम अँड ब्लॉक’ म्हणतात. ते दुरुस्तीतही धरलेलं नाही आणि रंगातही नाही. पण करावं तर लागतंच. नाही केलं तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर दुरुस्तीचा नकाशा दिसतो.

मी ते एस्टिमेटमध्ये वेगळं लिहिलं. अ‍ॅडजस्टर म्हणाला, ‘हे रंगात आलं.’ मी म्हटलं, नाही आलं. मग ते वाक्य आलं. आणि मी गप्प बसले, ओळ खोडली. खरं सांगायचं तर मला वाटलं, हा रोज दहा शॉप बघतो, मी एकच. त्याला जास्त माहीत असणार.

असं तीन-चार वर्षं चाललं. कधी मी भांडायची, बऱ्याचदा खोडायची. बॉडी शॉपवाल्यांच्या संघटनेचं पत्र दर महिन्याला यायचं, मालक वर्गणी भरायचे आणि पाकीट न फोडता खिडकीत ठेवायचे. तिथे त्यांची चवड झाली होती.

मग २०१७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर टेक्सासच्या खटल्याची बातमी आली. धंद्यातल्या प्रत्येकाला तो खटला माहीत आहे. गारपिटीनं खराब झालेलं एका छोट्या होंडा गाडीचं छप्पर एका शॉपनं बदललं. कंपनीची पद्धत सांगते वेल्ड करा, यांनी गोंदानं चिकटवलं. पुढे गाडी विकली गेली. घेणाऱ्या जोडप्याला या दुरुस्तीची कल्पनाही नव्हती. २०१३ मध्ये दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली, छप्पर सुटलं, गाडी पेटली, आणि ती दोघं आयुष्यभराच्या जखमा घेऊन वाचली. डॅलसच्या ज्युरीनं शॉपच्या वाट्याला सुमारे ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई टाकली.

मालकांनी ती बातमी छापून काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीतली पाकिटं माझ्यापुढे आणून टाकली. ‘यांची मीटिंग आहे. तू जा. मला आता रात्री गाडी चालववत नाही.’

मीटिंग रंगाच्या एका विक्रेत्याच्या प्रशिक्षण खोलीत होती, संध्याकाळी, शॉप बंद झाल्यावर. पन्नासएक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. बाया तीन. सुरुवातीला अध्यक्षांनी एक कागद वाचला. विमान उडताना हवाई सुंदरी सूचना देते तशा एकसुरी आवाजात, आणि ऐकणारेही तसेच, फोनात बघत. मीही लक्ष दिलं नाही. मग प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला आणि अगदी निरागसपणे विचारलं, ‘तुम्ही सगळे मजुरीचा दर तासाला किती लावता?’

खोली गार पडली. एकानं खुर्ची मागे सरकवली. अध्यक्षांनी हातातला तोच कागद पुन्हा उचलला, आता जरा हळू वाचला, आणि या खेपेला मी ऐकला. दराबद्दल इथे बोलायचं नाही. कोण किती लावतं, कोण किती लावणार, कुठल्या कंपनीचं काम सगळ्यांनी मिळून नाकारायचं, यातलं काहीही नाही. मीटिंगमध्ये नाही, पार्किंगमध्येही नाही. १८९० च्या शर्मन कायद्याखाली स्पर्धकांनी दर संगनमतानं ठरवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद.

मी ओशाळले. त्याहून जास्त, मला राग आला. म्हणजे संघटना कशासाठी मग? विमा कंपनीचा माणूस मला बिनधास्त सांगतो की तुमच्या भागात चालू दर इतका आहे, आणि मी शेजारच्या शॉपला विचारूसुद्धा शकत नाही की हे खरं का. मी हे जवळजवळ याच शब्दांत बोलून दाखवलं. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ हसले. ‘पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर अर्धे जण दुसऱ्यांदा येत नाहीत.’

या गृहस्थांनी नंतर मला पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून एक पिवळा पडलेला कागदांचा गठ्ठा काढून दाखवला. दरांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. तो होता १९६३ चा ‘कन्सेंट डिक्री’. त्या वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्यानं विमा कंपन्यांच्या तीन संघटनांवर खटला भरला होता, आणि संघटनांनी तडजोड मान्य केली की दुरुस्तीचे दर ठरवायला किंवा ताब्यात ठेवायला आपण जाणार नाही. बॉडी शॉपवाल्यांच्या जुन्या पिढीत या कागदाला जवळजवळ पोथीचं स्थान आहे. प्रत्यक्षात त्याच्या जोरावर फार काही पदरात पडलेलं नाही. २०१४ पासून बऱ्याच राज्यांतल्या शेकडो शॉपनी विमा कंपन्यांवर दावे लावले, ते फ्लोरिडात ऑरलँडोच्या फेडरल कोर्टात एकत्र केले गेले. आमच्या राज्यातलं एक शॉपही त्यात होतं. २०१९ मध्ये अपील कोर्टाच्या पूर्ण पीठानं तिथेही दावे फेटाळल्याचा निकाल कायम केला. गृहस्थांना हे सगळं तोंडपाठ होतं. तरी कागद डिकीत होताच.

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, वेळ फुकट गेला. आणि तरी पुढच्या मीटिंगला गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा त्या गृहस्थांचं वाक्य लागलं होतं.

दुसऱ्या मीटिंगमध्ये ‘हू पेज फॉर व्हॉट?’ या सर्व्हेची माहिती कळली. कोलिजन अ‍ॅडव्हाइस ही सल्लागार कंपनी आणि क्रॅश नेटवर्क हे या धंद्याचं वार्तापत्र मिळून २०१५ पासून तो घेतात. देशभरातली शॉप नाव न सांगता उत्तरं देतात. दर विचारत नाहीत, काम विचारतात: अमुक काम तुम्ही करता आणि बिलात लावता तेव्हा मोठ्या विमा कंपन्या पैसे देतात का? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही. आणि आणखी एक रकाना असतो: आम्ही कधी मागितलंच नाही.

तो शेवटचा रकाना बघत मी बराच वेळ बसले. फेदर, प्राइम अँड ब्लॉकची ओळ शोधली. पैसे मिळवणारी शॉप देशभर होती. त्याच त्या कंपन्यांकडून, ज्या मला सांगत होत्या की तुम्ही एकट्याच. आणि ‘कधी मागितलंच नाही’ म्हणणारीही होती, मी खोडलेल्या ओळींसारखी. अ‍ॅडजस्टर खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. त्याच्या टेबलावर येणाऱ्या दहा एस्टिमेटपैकी नऊ जणांनी ती ओळ लिहिलीच नसेल, तर त्याच्या जगात मी एकटीच होते.

पुढच्या वेळी मी वाद घातला नाही. त्यानं ते वाक्य म्हटल्यावर मी म्हटलं, ‘असेल. मी तुम्हाला पान पाठवते.’ प्रत्येक प्रणालीबरोबर तिचे नियम सांगणारी पानं असतात, आमच्यात त्यांना ‘पी-पेजेस’ म्हणतात. कुठल्या कामात काय धरलंय आणि काय धरलेलं नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. इतकी वर्षं ती माझ्याच संगणकात होती, दोन क्लिकवर. मी कधी उघडली नव्हती, आणि त्यानंही नसावीत. पान पाठवलं, सोबत प्राइमर मारलेल्या दरवाजाचे फोटो, तारीख-वेळेसह. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: मंजूर. उसासावाल्या बाईंनी मात्र मंजूर केलं नाही. त्यांचं म्हणणं, पान काहीही म्हणो, आमच्या कंपनीचं धोरण नाही. ते मी त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं आणि गिऱ्हाइकाला दाखवलं. न्यू जर्सीत शॉप निवडायचा हक्क गाडीच्या मालकाचा आहे, आणि पॉलिसीही त्याचीच आहे. त्यानं स्वतः फोन केला. मग झालं.

आता जरा तांत्रिक, पण मला यात सगळ्यात जास्त मजा आली म्हणून सांगते. संघटनांच्या पैशानं ‘डेटाबेस एन्हान्समेंट गेटवे’ नावाचं एक काम चालतं, सगळे ‘डीईजी’ म्हणतात. प्रणालीतला एखादा वेळ तुम्हाला चुकीचा वाटला तर तुम्ही तिथे फुकट चौकशी टाकायची. ते ती माहिती पुरवणाऱ्या कंपनीकडे नेतात, उत्तर आणतात, आणि प्रश्न-उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसेल असं ठेवतात. विमा कंपनीलाही दिसतं, तिनंही विचारावं. फक्त ‘मला वाटतं वेळ कमी आहे’ असं चालत नाही. गाडीचा चॅसिस नंबर, पार्ट नंबर, काय धरलंय, काय राहिलं, पायरीनं पायरी.

माझी चौकशी होती एका पुढच्या बंपरची. नवं कव्हर येतं ते कोरं. पार्किंग सेन्सरची भोकं पाडायची, मागून सेन्सरचे धारक चिकटवायचे, ते सुकू द्यायचे. प्रणालीतल्या वेळात हे बसत नव्हतं. मी आमच्या कारागिराजवळ घड्याळ घेऊन उभी राहिले. तो वैतागला. ‘बायको पण एवढं बघत नाही,’ म्हणाला. दोन गाड्यांवर वेळ मोजली, फोटो काढले, चौकशी टाकली. काही दिवसांनी उत्तर आलं: आमच्या वेळात हे काम धरलेलं नाही, प्रत्यक्ष बघून ठरवावं. आकडा बदलला नाही. मला आधी वाईट वाटलं. मग कळलं की हेच हवं होतं. ‘धरलेलं नाही’ हे आता त्यांच्याच शब्दांत, कुणालाही शोधता येईल अशा ठिकाणी लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी ते उत्तर किती वेळा जोडलं असेल!

याच प्रकारचं, पण फार मोठं काम ‘सोसायटी ऑफ कोलिजन रिपेअर स्पेशालिस्ट्स’नं केलं, म्हणजे एससीआरएसनं. ही १९८२ ची राष्ट्रीय संघटना. विषय ब्लेंडचा. एक दरवाजा रंगवला की शेजारच्या पॅनलवर तो रंग विरत न्यावा लागतो, म्हणजे नजरेला सांधा दिसत नाही. वर्षानुवर्षं सूत्र होतं, पूर्ण रंगाला जो वेळ, त्याच्या अर्धा ब्लेंडला. कशावरून अर्धा, हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. आमचा पेंटर मात्र सुरुवातीपासून म्हणायचा की ब्लेंड म्हणजे डोकेदुखी, पूर्ण रंग सोपा. आम्ही त्याला किरकिऱ्या समजायचो. एससीआरएसनं पाच मोठ्या रंग कंपन्यांना घेऊन मोजमाप केलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष मांडले: ब्लेंडला पूर्ण रंगापेक्षा सरासरी तीस टक्क्यांहून जास्त वेळ लागतो. अर्धा सोडाच, जास्त! मी हे पेंटरला वाचून दाखवलं. त्यानं मास्क खाली केला, ‘मग मी काय सांगत होतो?’ म्हणाला आणि रंगाच्या बूथचं दार लावून घेतलं.

सगळं असंच छान चालतं असं नाही. मीटिंगमध्ये निम्मा वेळ कुणीतरी काहीतरी विकत असतो. डीआरपीवाली शॉप आणि बाकीची यांच्यात एक न बोललेली तेढ असते. विषय निघाला की लोक छताकडे बघतात. ट्रेंटनला राज्याच्या विधिमंडळात आम्ही सात जण गेलो होतो, मी सोबत मुद्दाम फाडून पाहिलेल्या वेल्डचा तुकडा नेला होता. गाडीवर वेल्ड करण्याआधी तशाच पत्र्यावर एक करून तो फाडून बघायचा असतो, पत्रा फाटला पाहिजे, सांधा नाही. आमदारांच्या मदतनीस मुलीनं तो तुकडा फार कुतूहलानं हाताळला, बोट कापून घेतलं, आणि आमची भेट बँडेड शोधण्यात संपली. पुढे काय झालं? काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो.

आणि अजूनही ओळी खोडल्या जातात. कधी गिऱ्हाइकाला घाई असते, कधी मला थकवा. फरक इतकाच की आता खोडताना शेजारी का खोडली ते लिहून ठेवते.

गेल्या वसंतात सिकॉकसला मेडोलँड्सच्या प्रदर्शनाला गेले होते. मोठ्या मंडपात स्प्रे गन, फ्रेम मशिनं, कॅमेरे कॅलिब्रेट करायचे फलक, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. संघटनेच्या स्टॉलवर दुपारी दोन तास बसायची माझी पाळी होती. एक तरुण आला. काकांचं शॉप नुकतंच त्याच्याकडे आलेलं, मोटर व्हेइकल कमिशनचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतानाच दमलेला दिसत होता. इकडचं तिकडचं बोलला, पत्रकं चाळली, आणि मग जरा वाकून, आवाज खाली आणून विचारलं, ‘तुम्ही तासाला किती लावता?’

शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती पहिली संध्याकाळ आठवून हसू आलं. म्हटलं, ‘ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही मला सांगू नका. पण एक करा. जागेचं भाडं, पगार, त्यावरचा कर, विमा, बूथचे फिल्टर, वीज, प्रशिक्षण, प्रणालीची वर्गणी, वर्षाचं सगळं एका कागदावर मांडा. मग वर्षभरात खरोखर बिलात लागलेले तास मोजा. शॉप उघडं होतं ते तास नाहीत, बिलात लागलेले. भागाकार करा. त्याच्या खाली गेलात तर खिशातून घालताय.’

त्यानं पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. ‘बिलात लागलेले’ याखाली दोन रेघा ओढल्या.

‘पण मी तेवढे मागितले,’ तो म्हणाला, ‘तर ते म्हणणार, तू एकटाच मागतोस.’

‘म्हणणारच.’

त्या महिन्याचा सर्व्हे चालू होता. मी फोनवर तो उघडून त्याच्या हातात दिला. पहिलाच प्रश्न फेदर, प्राइम अँड ब्लॉकचा. त्यानं तो दोनदा वाचला, काका हे काम करायचे का ते आठवत असावा. मग अंगठा सरकवत सरकवत खाली आला आणि शेवटच्या पर्यायावर थांबला.